लॅमिनेट केलेला गणपती

बसा हो, चहा येतोय. तो येईपर्यंत माझी एक फजिती ऐका. नाहीतरी आमच्या हिच्याकडून ती तुम्हाला कळणारच आहे, आणि ही सांगताना मीठमसाला लावते. मी आपला घडलं तसं सांगतो.

आधी मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर फजितीची खोली कळणार नाही. मी इथे रोह्याला एका केमिकल कंपनीत पॅनेल ऑपरेटर होतो. अख्खी नोकरी शिफ्टमध्ये गेली. पॅनेल ऑपरेटर म्हणजे काय, तर समोर भिंतभर दिवे, काटे आणि खुणा. कुठली खूण कुठल्या व्हॉल्व्हची, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. मला यायचं. माझ्या शिफ्टमध्ये कधी काही उडालं नाही, कधी काही गळलं नाही. रिटायर झालो तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, "या माणसाची नजर खुणेवरून कधी हलली नाही."

हे वाक्य मी घरी येऊन हिला सांगितलं. तिथे थांबायला हवं होतं. पण मी ते आल्यागेल्याला सांगत सुटलो, दूधवाल्यालासुद्धा. आणि माणूस एखादी गोष्ट फार वेळा बोलला की त्याला ती खरी वाटायला लागते.

आता ही. हिचं नाव सुलभा, माहेरची सुलू. हिला क्रॉस स्टिचचा नाद आहे. म्हणजे ते मॅटीचं कापड असतं ना, जाळीसारख्या बारीक चौकटी असलेलं, त्यावर रंगीत दोऱ्याच्या फुल्या मारत जायचं. जवळून बघितलं तर नुसत्या फुल्या, लांबून बघितलं तर मोर. कुठल्या चौकटीत कुठला रंग, ते एका छापील चार्टवरून बघायचं. पण चार्टवर रंग नसतात हो! चिन्हं असतात. त्रिकोण, गोळा, चौकोन, चांदणी, बदाम, ठिपका. कागदभर हीच गर्दी. त्रिकोण म्हणजे हिरवा, गोळा म्हणजे केशरी, असा बाजूला एक तक्ता. एक गोळा चुकला की पुढची सगळी ओळ एक घर सरकते आणि मोराच्या मानेला गाठ येते.

हिची थोरली बहीण, ताई, दिली पेणला. ताईचे यजमान म्हणजे माझे साडू. त्यांना सगळे भाई म्हणतात. भाईंचा पेणजवळ जोह्याला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम, ते स्वतः करतात. त्यांच्यासारखी आखणी तालुक्यात कोणाला येत नाही, असं ते स्वतःच सांगतात. भाईंना कुठलाही गणपती दाखवा, त्यांना आधी चूक दिसते. एखाद्या मंडळाच्या गणपतीच्या पाया पडायला गेले, तरी हात जोडून, डोळे मिटण्याआधी म्हणतात, "डावं बुबुळ खाली उतरलंय." मग नमस्कार.

भाईंनी पेणला नवं घर बांधलं. वास्तुशांतीची तारीख धरली. आणि एक दिवस ताईचा फोन आला.

"सुलू, ऐक गो. बाहेरच्या खोलीत समोरच्या भिंतीवर मला तुझ्या हातचा गणपती पायजे. कारखान्यातला नको. मी खिळा मारून ठेवलाय. त्या खिळ्यावर दुसरं काय लावायची नाय."

हिनं फोन ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "काही नाही." तुम्हाला सांगतो, आमच्या घरात हिच्या भरतकामाला आजवर सगळे 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणत आले. सगळे म्हणजे मुख्यतः मी. आणि ज्या घरात हजार गणपती तयार होतात, त्या घराला हिचा एक गणपती हवा होता. एवढी किंमत हिच्या कामाला कोणी दिली नव्हती.

शेजारच्या वहिनींकडे गणपतीचा चार्ट होता. तो आणला. मॅटी आणली, दोऱ्याच्या लड्या आणल्या. आणि ही बसली. पण त्या चार्टची चिन्हं, काय सांगू, मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तशी. हिच्या डोळ्यांना दोरा दिसायचा, चौकट दिसायची, चार्ट दिसेना. चष्म्याचा नंबर बदलून झाला. मोठी झेरॉक्स काढून आणली, तर त्यात गोळा, ठिपका आणि बदाम तिन्ही एकच काळे डाग. दोन संध्याकाळी भरलं, तिसऱ्या संध्याकाळी उसवलं. मग एकदा पाहिलं तर ही कापड मांडीवर घेऊन नुसतीच बसलेली. म्हणाली, "ताईला सांगते, माझ्याच्यानं होत नाही. बाजारातला लाव म्हणावं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "सरक. खुणा मी बघतो."

"तुम्हाला जमेल?"

काय प्रश्न! पॅनेल ऑपरेटरला!

मी कामाला लागलो. आधी वहिनींच्या चार्टवर मोठा ट्रेसिंग पेपर ठेवला आणि भिंग लावून एकेक चिन्ह स्केचपेननं ठळक उतरवलं. चिन्हांना नावं दिली, कारण ओरडून सांगताना 'वरती टोक असलेला त्रिकोण' म्हणत बसलं तर पुढची चतुर्थी येईल. शिफ्टमध्ये आम्ही पत्ते खेळायचो, त्यामुळे बदाम, चौकट ही नावं आयतीच होती. त्रिकोणाला डोंगर. आणि दोन तिरक्या रेघा होत्या, एक उजवीकडे वर जाणारी, एक उजवीकडे खाली येणारी. त्यांना नावं दिली चढ आणि उतार. चढ म्हणजे पिवळा, उतार म्हणजे लाल. रंगांचा तक्ता वेगळ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला.

मग मला ती कल्पना सुचली. हसू नका.

कंपनीत पॅनेलवर कसं, मार्करनं खूण करायची आणि काम झालं की पुसायची. म्हटलं, हा ट्रेसिंग पेपर लॅमिनेट करू! म्हणजे झालेल्या ओळीवर मार्करनं रेघ मारता येईल, चुकली तर पुसता येईल, आणि चहा सांडला तरी गणपतीला काही होणार नाही. स्टेशनरोडला शाळेचे नकाशे लॅमिनेट करून देणारा एक आहे, त्याच्याकडून करून आणलं. काय सुंदर झालं होतं! पारदर्शक, कडक, चकचकीत. वरच्या कडेला भोकं पाडली, दोरी ओवली आणि हिच्या खुर्चीसमोर भिंतीवर टांगलं. टांगल्यावर बाजूनं ओळींचे आकडे टाकले. वहिनींचा मूळ चार्ट, वरच्या रंगीत चित्रासकट, आभार मानून त्याच दिवशी परत केला. हिनं विचारलं, "एवढ्यात कशाला?" मी म्हटलं, "आपलं लॅमिनेशन झालंय. आता त्याची गरज नाही."

काम सुरू झालं. मी पट्टी घेऊन चार्टजवळ उभा, ही समोर कापड ताणून धरायची रिंग घेऊन बसलेली. मी पुकारायचं, हिनं तेच परत म्हणायचं. कंट्रोल रूमची पद्धतच आहे ती, सूचना परत म्हटल्याशिवाय हालचाल करायची नाही.

"डोंगर तीन, बदाम एक, गोळे पाच!"

"डोंगर तीन, बदाम एक, गोळे पाच."

"भरा!"

"अहो, ओरडू नका. मी इथेच आहे."

समोरच्या बिल्डिंगमधले जोशीकाका एकदा चपला घालून वर आले. म्हणाले, "रोज दुपारी तुमच्याकडे हाऊजी चालते, आम्हाला बोलावत नाही." त्यांना चार्ट दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "छान आहे. काय आहे?" मी म्हटलं, गणपती. ते म्हणाले, "असेल."

पहिली शंका हिला आली ती शेल्याच्या वेळी. म्हणाली, "अहो, पितांबर लाल आणि शेला पिवळा? पितांबर पिवळा असतो ना? नावातच आहे."

मी पुठ्ठ्यावर बघितलं. पितांबराच्या जागी उतार होते. उतार म्हणजे लाल. शेल्याला चढ होते. चढ म्हणजे पिवळा. स्वच्छ होतं.

"खूण जे सांगते ते भरायचं," मी म्हटलं. "ऑपरेटरनं स्वतःचं डोकं चालवलं की प्लांट उडतो."

हिनं पितांबर लाल भरला.

दुसरी शंका सोंडेची. हे जरा नीट ऐका. ती रिंग थोडी थोडी सरकवत भरायचं असतं, त्यामुळे एका वेळी तळहाताएवढाच गणपती दिसतो. सोंड पुरी झाली तेव्हा हिनं रिंग काढली, कापड पसरलं आणि बघत राहिली.

"अहो, ही सोंड उजवी तर नाही ना?"

आता तुम्ही आपल्याच भागातले, तुम्हाला काय सांगायचं. डाव्या सोंडेचा गणपती आपला घरातला, प्रेमळ, मोदक दिला की खूश. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सोवळं वेगळं, नेम वेगळे, जरा इकडचं तिकडे झालं की चालत नाही. म्हणून लोक तो घरात आणायला बिचकतात. मी कापडासमोर जाऊन उभा राहिलो.

"सोंड आपल्या डाव्या हाताकडे वळली आहे. म्हणजे डावी."

"पण हात त्याचा धरायचा ना? आपला नव्हे."

हे मात्र मला पटलं. मी विचार केला. "तो आपल्याकडे तोंड करून बसलाय. म्हणजे त्याचं सगळं उलटं. म्हणजे त्याची उजवी."

"तेच म्हणते मी!"

"पण हे चित्र आहे. चित्रात ते परत एकदा उलटं होतं."

"का?"

"ते टेक्निकल आहे."

हिनं सुई खाली ठेवली. म्हणाली, "भाईंना फोन करून विचारू या का?"

भाईंना? आखणीवाल्या भाईंना मी विचारू, की साडू, गणपतीची सोंड कुठल्या बाजूला असते? पुढची दहा लग्नं त्यांनी मला तोंड वर काढू दिलं नसतं. मी म्हटलं, "काही गरज नाही. माझा चार्टवर विश्वास आहे." हिनं सुई ओवली. तुम्ही म्हणाल, वहिनींकडे जाऊन मूळ चार्ट बघायचा. आज मीही तेच म्हणतो.

गणपती पुरा झाला. खोटं नाही सांगत, बघून माझ्याच अंगावर काटा आला. ते डोळे, ते कपाळावरचं गंध, मुकुटातला एकेक खडा. काय बसला होता! फ्रेम पेणला भाईच करून घेणार होते, म्हणून कापड तसंच गुंडाळून, नव्या टॉवेलमध्ये बांधून, हिनं एसटीत मांडीवर घेतलं. वडखळला नेहमीप्रमाणे ट्रॅफिकमध्ये अडकलो, पण हिनं ते एकदाही खाली ठेवलं नाही. लॅमिनेशन मी पिशवीत घेतलं होतं. कोणी विचारलं, एवढं बारीक काम केलं कसं, तर दाखवायला असावं.

वास्तुशांत झाली. पंगती झाल्या. वालाचं बिरडं, भात, जिलबी. भाई खुशीत होते. प्रत्येक पाव्हण्याला मागच्या दाराशी नेऊन बर्फाची पेटी उघडून दाखवत होते. आत खाडीतला जिताडा मासा. केवढा, तर पेटीत तिरका ठेवला होता. "आज देवाचं, उद्या आपलं. उद्या जेवल्याशिवाय कोण हलायचं नाय," असं म्हणून पेटी बंद करत आणि पुढच्या पाव्हण्याला बोलवत.

जेवणं झाल्यावर ताई म्हणाली, "सुलू, काढ गो आता."

सगळे बाहेरच्या खोलीत जमले. समोरच्या भिंतीवर कोरा खिळा. ही उठली, टॉवेल सोडला. ताईनं आणि तिनं कापड दोन्हीकडून धरून खिळ्याखाली भिंतीला लावलं. "अगं बाई!" "किती सुंदर!" सुरुवातीला असं सगळं झालं. मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा. आता कोणीतरी लॅमिनेशनबद्दल विचारावं, म्हणून वाट बघत.

भाई पुढे आले. हात जोडले. डोळे मिटणार, तोच थांबले.

"हा उजवा हाय."

कोपऱ्यात खुर्चीवर भाईंची आई बसलेली. त्यांना सगळे मोठी आई म्हणतात. त्या काठी टेकत उठल्या, कापडाजवळ गेल्या, नाक लावून बघितलं.

"उजवाच हाय. पितांबर पन लाल हाय. कडक हाय बाबा." आणि त्यांनी कापडाला डोकं टेकवलं. "आला गो माझा देव. वास्तूच्या दिवशी आपल्या पायानं आला."

मग त्या वळल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "आता ह्या घरात मासळी शिजायची नाय."

मी बऱ्याच ठिकाणी शांतता ऐकली आहे. प्लांट बंद पडतो तेव्हाची ऐकली आहे. पण पेणसारख्या ठिकाणी, भरल्या घरात, हे वाक्य ऐकल्यावर जी झाली ती वेगळीच. सगळ्यांच्या माना एकदम मागच्या दाराकडे वळल्या.

"आये," भाई म्हणाले. आवाज एकदम मऊ. "ही काय मूर्ती नाय. कापड हाय."

"सोंड हाय ना?"

"हाय."

"उजवी हाय ना?"

"हाय, पन..."

"तुझी मातीची असते. मग तू उजव्या सोंडेचा लोकांना देतोस तेव्हा काय सांगतोस? माती हाय, खावा मासळी?"

भाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. कोणीतरी म्हणालं, हा परत पाठवा, दुसरा भरून घ्या. मोठ्या आई कडाडल्या, "आलेला देव परत धाडायचा? वास्तूला?" मग कोणीतरी हळूच म्हणालं, "नायतर तूर्त कपाटात ठेवा. सोवळ्यात गुंडाळून. वरच्या फळीवर." आणि यावर मात्र माना डोलल्या. ताई म्हणाली, "सुलू, नाराज नको होऊ गो. मी रोज हळदकुंकू वाहीन. कपाटात."

मी हिच्याकडे बघितलं. ही त्या खिळ्याकडे बघत होती. एवढ्या दुपारी, एवढं डोळे फोडणं, आणि शेवटी वरची फळी!

म्हणून मी पुढे झालो. हिच्या बाजूनं बोलायला, हे लक्षात घ्या. म्हटलं, "एक मिनिट. यात सुलभाची काही चूक नाही. ज्यानं चार्ट काढला त्याची चूक आहे. चार्टच उजव्या सोंडेचा आहे. हा घ्या पुरावा!"

आणि पिशवीतून लॅमिनेशन काढलं. खिडकीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी उंच धरलं, कोर्टात धरतात तसं.

"बघा! सोंड कुठे आहे?"

"उजवीच," भाई म्हणाले.

"झालं तर! आम्ही खुणेवरून हललो नाही!"

ही माझ्यामागे, खिडकीपाशी उभी होती. तिकडून तिचा आवाज आला. शांत.

"अहो, इकडून डावी दिसतेय."

"इकडून म्हणजे?"

"मागून. मागून बघितलं तर सोंड डावी आहे. आणि पितांबरावर चढ आहेत. चढ म्हणजे पिवळा ना?"

मी कागद उलटा केला. मग परत सुलटा केला. मग परत उलटा. तुम्हीच सांगा, त्रिकोण मागून बघितला तरी त्रिकोणच. गोळा मागून गोळाच. बदाम, चौकट, चांदणी, सगळ्या दोन्हीकडून सारख्याच! चार्टवर एक अक्षर नाही, एक आकडा नाही. आकडे मी टाकले, ते टांगल्यानंतर. फक्त दोन तिरक्या रेघा खरं बोलत होत्या, आणि त्यांना मी प्लांट उडेल म्हणून गप्प केलं होतं.

मी एवढे महिने गणपती पाठमोरा टांगून पुकारत होतो.

"म्हणजे भावजी," ताई म्हणाली, "चार्ट डावाच होता?"

"तांत्रिकदृष्ट्या," मी म्हटलं.

भाई हसायला लागले. काय हसले! खाली बसून हसले. त्यांच्यामुळे सगळं घर हसायला लागलं, भटजी दक्षिणा घेऊन निघाले होते ते दारातून परत आले आणि काय झालं विचारून हसून गेले. फक्त दोघी हसल्या नाहीत. मोठ्या आई, कारण त्यांच्या दृष्टीनं देव अजून उजवाच होता. आणि आमची ही.

हिनं माझ्या हातातलं लॅमिनेशन घेतलं. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या कापडाकडे. मग लॅमिनेशन कोचावर टाकलं, ताईच्या हातातलं टोक सोडवून घेतलं आणि कापड उलटं केलं.

सगळे हसायचे थांबले.

हिच्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या म्हणे, त्या भरतकाम तपासायला घेतलं की आधी उलटं करायच्या. पुढची बाजू कोणीही सजवतो, मागे गाठ दिसली की सगळं उसवायला लावायच्या. त्या बाईंचं भलं होवो. मागच्या बाजूनं देवाच्या अंगावर एक गाठ नाही, एक लोंबतं टोक नाही. फुल्यांच्या जागी सरळ उभे टाके, एकाला एक लागून, पाऊस धरल्यासारखे. तोच गणपती, तेच गंध, तोच मुकुट. आणि सोंड डावी!

"इकडून लावा," ही म्हणाली.

मोठ्या आईंनी काठी आपटली. "गणपतीची पाठ बघू नये. पाठीला दारिद्र्य असतं."

"पाठ कुठाय, मोठ्या आई?" ही म्हणाली. "हात लावून बघा. इकडूनही तोंडच आहे."

मोठ्या आईंनी खरंच हात लावून बघितला. डोळे चाचपले, सोंड चाचपली. मग कापड परतवून पुढून बघितलं, परत मागून बघितलं. मग भाईंकडे वळल्या. "बघ रे. तू मोठा आखणीवाला. ह्याला पाठ हाय का?"

भाई चष्मा लावून पुढे आले. डोळ्यांपाशी वाकले. मी म्हटलं, आता काढणार हा चूक. डावं बुबुळ, उजवं बुबुळ, काहीतरी. ते किती तरी वेळ वाकूनच राहिले. मग सरळ झाले आणि हळूच म्हणाले, "नजर बरोबर हाय. दोन्हीकडून बरोबर हाय." आणि हिला म्हणाले, "माझ्या कारखान्यात कोणाला जमायचं नाय हे."

हिचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही. एवढी वर्षं फावल्या वेळचा उद्योग म्हणत होतो मी, आणि तो उलटा करून बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. लाज वाटली.

"डावा हाय," मोठ्या आईंनी निकाल दिला. "आपलाच हाय. लावा." मागच्या दाराशी कोणीतरी "जिताडा!" असं ओरडलं आणि घरात पुन्हा जीव आला.

आता एवढ्यावर हा किस्सा संपला असता तर मी तो स्वतःहून रंगवून सांगितला असता. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. हिलाही सांगितली नव्हती. ही मध्ये चार दिवस माहेरी गेली होती, तेव्हा म्हटलं, आपणही हातभार लावू. खाली कोपऱ्यातला उंदीर मी भरला होता. समोरून अगदी ठीक होता हो! हिला आल्यावर म्हटलं, तूच भरून गेलीस की, विसरलीस. पण मला काय माहीत की कापडाला मागची बाजूही असते? मी आपला जिथे दोरा संपेल तिथे गाठ मारली, जिथे गुंतला तिथे आणखी एक मारली, आणि टोकं दिली सोडून.

मोठ्या आई खाली वाकल्या.

"आनी ह्ये काय हाय गो?"

सगळे वाकले. हीसुद्धा वाकली. मग हिनं सावकाश मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

"केस हायत ह्याला," कोणीतरी म्हणालं.

"घूस असंल."

भाईंनी चष्मा पुन्हा लावला. निरखून बघितलं. आखणीवाला माणूस, त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "नारळ हाय. न सोललेला. शेंडीसकट."

"असं व्हय!" मोठ्या आई म्हणाल्या. "देवापुढं नारळ. बरोबर हाय." आणि त्यावर त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं.

मी काही बोललो नाही. तुम्ही बोलला असता का?

दुसऱ्या दिवशी जिताड्याचं डोकं भाईंनी स्वतः हिच्या पानात वाढलं. मला शेपटी मिळाली.

आज तो गणपती पेणला त्या खिळ्यावर आहे, काचेच्या फ्रेममध्ये, उलट्या बाजूनं सुलटा. येणारा प्रत्येकजण थांबून बघतो आणि ताई सांगते, आमच्या सुलूनं केलाय. आता हिनं लक्ष्मीचं चित्र भरायला घेतलंय. चार्ट वाचायला समोरचे जोशीकाका येतात. मी चहा करतो. हो, हा चहा मीच टाकलाय.

परवा ताईचा फोन आला होता, स्पीकरवर. हिला म्हणाली, "सुलू, लक्ष्मीच्या हातात कलश असंल ना गो? मग त्यावरचा नारळ तेवढा भावजींना भरायला दे. त्यांच्यासारखा कोणाला जमायचा नाय."